कदन्न ते श्रीअन्न : ज्वारीचे पोषण आणि मापाचा इतिहास

१

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. त्या वर्षी ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत झाले तसे एक प्रदर्शन आमच्याकडेही झाले. ज्वारीचा केक, ज्वारीची बिस्किटे, ज्वारीच्या शेवया टेबलांवर मांडल्या होत्या. प्रत्येक पदार्थापुढे एक चिठ्ठी होती आणि तिच्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ हा शब्द ठळक अक्षरांत लिहिला होता. बुटीबोरीच्या बाजूने रोज गाडीने येणारी माझ्या वर्गातली एक मुलगी ते सारे पाहून मला म्हणाली, ‘‘सर, माही आजी तं जनमभर हेच खात होती. मंग तिले कोनी पाहुनी म्हनून काहून नाही बलावलं?’’

भोवतालची मुले हसली. मला हसता आले नाही. मीही त्याच पट्ट्यातला. घरातला पहिला पदवीधर. माझी आजी बुटीबोरीच्या आसपासच्या शेतांत निंदणाला आणि कापणीला जात असे, आणि तिची मजुरी कितीतरी वर्षे ज्वारीत मोजली गेली. त्या मुलीच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ज्वारीच्या दाण्यात काय आहे, हे आज आहारशास्त्र सांगते; आणि ते सांगते ते खरे आहे. परंतु दाण्यात किती पोषण आहे हा एक प्रश्न आणि ते पोषण माणसाच्या अंगी किती लागले हा दुसरा प्रश्न. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळेत मिळते. दुसऱ्याचे उत्तर खळ्यावर, मालगुजाराच्या कोठारासमोर आणि रेशनच्या रांगेत शोधावे लागते. दाणा कुणी पिकवला, कुणी मोजला आणि कुणाच्या मापाने मोजला, हे वगळून लिहिलेला पोषणाचा कोणताही तक्ता अपुरा असतो.

२

प्रथम दाण्याकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेले आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले तक्ते सांगतात की शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ३४९ कॅलरी, १०.४ ग्रॅम प्रथिने, १.९ ग्रॅम स्निग्धांश, २५ मिलिग्रॅम कॅल्शियम, २२२ मिलिग्रॅम फॉस्फरस आणि ४.१ मिलिग्रॅम लोह असते. याच संस्थेने २०१७ साली नव्याने केलेल्या मोजणीतही आकडे फारसे हललेले नाहीत. तिथे लोह ४ मिलिग्रॅमच्या जवळपास आहे, मॅग्नेशियम १३० मिलिग्रॅमच्या वर आहे आणि तंतू सुमारे १० ग्रॅम आहेत. याच्या शेजारी सडलेला पांढरा तांदूळ ठेवा. त्यात प्रथिने ८ ग्रॅमच्या आत, लोह एक मिलिग्रॅमही नाही, मॅग्नेशियम २० मिलिग्रॅमच्या आसपास आणि तंतू ३ ग्रॅमच्या आत. म्हणजे ज्याला प्रतिष्ठितांचे अन्न म्हणून मान मिळाला तो पांढराशुभ्र भात खनिजांच्या बाबतीत गरिबाच्या भाकरीपुढे फिका पडतो.

आता ग्लूटेनविषयी. गहू, जव आणि राय या धान्यांतील प्रथिनांपासून पाण्यात मळताना जो चिवट, ताणला जाणारा पदार्थ तयार होतो तो ग्लूटेन. पोळी लाटता येते आणि पाव फुगतो तो त्याच्यामुळे. काही माणसांच्या आतड्याला तो सोसत नाही. त्या आजाराचा गव्हाशी असलेला संबंध विलेम डिके या डच डॉक्टराने दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दाखवून दिला. अशा रुग्णांना ज्वारी खरोखरच आधार आहे, कारण ज्वारीत ग्लूटेन नाही. परंतु हे ग्लूटेनचे नसणे आमच्या बायांना प्रयोगशाळेविनाच ठाऊक होते. ज्वारीच्या पिठाला ताण नसतो. म्हणून त्याला उकळते पाणी घालावे लागते, तळहाताने रगडावे लागते आणि भाकर लाटता येत नाही, थापावी लागते. आज ज्या गुणाची जाहिरात होते त्याची किंमत कष्टकरी बाईने पहाटेच्या अंधारात, आधी जात्यावर आणि मग चुलीपुढे, आपल्या मनगटांनी मोजली आहे.

दाण्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर आपणही जाहिरातच करू. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल फार कमी असते. डाळीची जोड मिळाली तरच ती प्रथिने पुरतेपणी शरीराच्या कामी येतात. ज्वारीतील लोह फायटेट नावाच्या द्रव्याने बांधलेले असते, त्यामुळे त्यातला थोडाच भाग रक्तापर्यंत पोचतो. क जीवनसत्त्व वाळल्या दाण्यात नसते. पीठ आंबवले तर फायटेट कमी होते आणि सोबत आंबट पालेभाजी असली तर लोह अधिक शोषले जाते. आपल्याकडची आंबील आणि कण्यांबरोबरची अंबाडीची भाजी या दोन गोष्टी या दृष्टीने पाहाव्यात. ज्यांना अक्षरओळख होऊ दिली नाही त्या बायांनी हे ज्ञान जिभेवर आणि हातावर सांभाळले. परंतु ज्ञान असले तरी डाळ हवी, तेल हवे, भाजीला परडे हवे. ते कुणाजवळ होते?

३

बुटीबोरी नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा मार्गावर आणि मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेच्या रुळावर आहे. काळ्या मातीचा हा मुलूख. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि इंग्रजांनी इथे मालगुजारी पद्धत पक्की केली. सारा गोळा करणारा तो गावाचा मालक ठरला. बुटीबोरी या नावातला ‘बुटी’ हा नागपूरच्या बुटी मालगुजारांचा, असे परिसरातले लोक सांगतात. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याआधीच अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाला सोन्याचा भाव आणला होता. कापूस गाड्यांत भरून मुंबईकडे आणि तिथून विलायतेकडे जाई. त्या कापसाच्या आड-पिकाला ज्वारी असे, आणि ज्वारीवर राबणारा माणूस जगे. कापूस मालकासाठी, ज्वारी मजुरासाठी, अशी ती वाटणी होती. वरवर पाहता ती सोयीची दिसते. तिच्या पोटात काय होते ते पाहिले पाहिजे.

सालदाराचे साल धान्यात ठरे. वर्षाला अमुक खंडी ज्वारी, एक धोतरजोडा, एक कांबळे, एक पायताण. त्या बदल्यात पहाटेपासून रात्री ढोरे बांधेपर्यंत त्याचा देह मालकाचा. पावसाळ्यात घरातली ज्वारी संपे. मग मालकाच्याच पेवातून धान्य उचलावे लागे आणि ते सवाई-दिडीने फेडावे लागे. एक मण नेली तर सुगीत सव्वा किंवा दीड मण. ज्या महाराकडे गावची राखण आणि निरोप्याचे काम असे त्याला खळ्यावर वाटा मिळे. तो हक्क म्हणून सांगितला जाई आणि भिकेसारखा दिला जाई. खळे उठल्यावर जमिनीवर राहिलेली मातीमिश्रित ज्वारी झाडून नेण्याची मुभा आणि कापणीनंतर पडलेल्या कणसांचा सरवा वेचण्याची मुभा, एवढे बायामुलांच्या वाट्याला येई.

माझी आजी दोन पायल्यांची गोष्ट सांगे. मालकाच्या घरी देण्याची पायली वेगळी आणि घेण्याची पायली वेगळी. देताना हात आखडून सपाट माप, घेताना शिगोशीग भरलेले माप. तिला लिहिता येत नव्हते, पण किती मुठींचा फरक पडतो ते तिला पाठ होते. पायली गावागावांत वेगळी भरते हे मान्य करूनही एक साधी गोष्ट उरते. माप ज्याच्या हाती, पोषणही त्याच्याच हाती.

आता या मापाला आहारशास्त्राचा हिशेब लावू. घरातल्या कर्त्या गड्याच्या वाट्याला दिवसाला ६०० ग्रॅम ज्वारी आली असे उदारपणे धरले, तर त्याला सुमारे २,१०० कॅलरी मिळतात आणि ६० ग्रॅमच्या वर प्रथिने मिळतात. अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषाला आजच्या भारतीय शिफारशींप्रमाणे साडेतीन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात. म्हणजे तूट चौदाशे कॅलरींची. ही तूट रोज कशातून भरून निघत होती? ती देहातून भरून निघत होती. बाई शेवटी जेवे, म्हणून तिची तूट अधिक. तिच्या पोटातल्या मुलाची तर जन्माच्या आधीपासूनच.

हा हिशेब सरकारनेही एकदा केला होता, पण उलट्या बाजूने. १८७६-७८ च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी एक पौंड धान्याच्या किमतीइतकी, आणि वर अर्धा आणा, एवढ्यावर आणली. हाच टेंपल १८६० च्या दशकात मध्य प्रांताचा चीफ कमिशनर होता आणि नागपुरातून कारभार करीत होता. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. ज्वारीच्या भाषेत ते १,६०० कॅलरींच्याही आत भरते आणि खडी फोडणाऱ्या माणसाच्या गरजेच्या निम्मेही होत नाही. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला, पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही या मजुरीविरुद्ध आवाज उठवला. मद्रास इलाख्यात काही महिन्यांनी मजुरी वाढवावी लागली. या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. धान्याचे पोषण मोजण्याचे शास्त्र सत्तेच्या हाती असले की ते ‘माणसाला किती लागते’ हे विचारत नाही, ‘किती कमी दिले तरी तो मरत नाही’ हे विचारते. मालगुजाराची पायली आणि टेंपलचा पौंड ही एकाच घराण्यातली मापे आहेत.

४

केवळ ज्वारीवर जगणाऱ्या माणसाचे काय होते, याचीही नोंद वैद्यकात आहे. पेलाग्रा नावाचा एक रोग आहे. उन्हात उघड्या राहणाऱ्या हातांवर, पायांवर, मानेभोवती कातडी काळवंडते आणि सोलते, जुलाब लागतात, पुढे माणूस भ्रमिष्ट होतो. नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या प्रारंभी त्याने हजारो बळी घेतले. तेथील विद्वान त्याला संसर्ग समजत होते. १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टराने अनाथालये आणि वेड्यांची इस्पितळे पाहिली. त्याच्या लक्षात आले की रोग तेथे ठेवलेल्यांना होतो, नोकरांना होत नाही. फरक ताटातला होता. मका, गुळाची काकवी आणि चरबी यांवर जगणारे खंडकरी शेतमजूर आणि कापडगिरण्यांतले कामगार हे त्या रोगाचे भक्ष्य होते. त्याने रोगाचे मूळ दारिद्र्यात दाखवले, आणि प्रतिष्ठितांना ते रुचले नाही.

आपल्याकडे दख्खनच्या पठारावर हाच रोग ज्वारी खाणाऱ्यांत आढळला. १९६० साली सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया या हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी मांडले की ज्वारीत ल्यूसिन हे अमिनो आम्ल जास्त असते आणि ते शरीराच्या नायसिन वापरण्याच्या क्रियेत अडथळा आणते. पुढे या मताला आक्षेप घेतले गेले; ब-६ या जीवनसत्त्वाचा अभाव आणि इतर कारणेही पुढे आली. शास्त्रातला तो वाद शास्त्रज्ञांचा आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की ज्वारीबरोबर डाळ, दूध, मांस, शेंगदाणे खाणाऱ्याला ज्वारीने पेलाग्रा होत नाही. जो निव्वळ ज्वारी खातो, त्याला होतो. ज्वारीच्या ओळीत तुरीची ओळ पेरली जाते. दोन्ही पिके एकाच मजुराच्या हातांनी निंदली जातात. मजुरीत ज्वारी मिळाली, तूर मिळाली नाही. तूर बाजारात गेली. लायसिनची उणीव दाण्यात होती हे खरे; ती भरून काढणारा दाणा शेजारच्या ओळीत होता हेही तितकेच खरे.

५

आमच्या लोकांच्या ताटातला मांसाचा वाटा मेलेल्या ढोरांचा होता. आहाराच्या कोरड्या भाषेत बोलायचे तर लोह आणि चांगली प्रथिने तिथून मिळत. तरीही मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस आणि उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले आणि लोकांनी ते मानले. नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धर्मांतर झाले. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी, मेलेली ढोरे सोडल्याने महारांचे किती रुपयांचे नुकसान होते असा हिशेब मांडणाऱ्यांचा समाचार घेतला. त्या भाषणाचे महत्त्व आहाराच्या इतिहासातही आहे. कातडे, हाडे, मांस यांचा नफा सांगणारा तो हिशेब आकड्यांत बरोबर असेलही. त्यात माणसाची इज्जत या रकान्यात शून्य होते. ज्या ताळेबंदात स्वाभिमानाचा रकाना नाही तो ताळेबंद खोटा, हा धडा आमच्या आजी-आजोबांनी तेव्हा घेतला.

त्याची किंमत त्यांनी मोजली. गावकीची कामे सोडली, खळ्यावरचा वाटा गेला. ज्यांनी ढोरे ओढायला नकार दिला त्यांना कामावर बोलावणे बंद झाले. काहींनी नागपूरच्या गिरण्या गाठल्या, कारण तिथे पगार रोख होता आणि रोख पैशाने घेतलेली ज्वारी कुणाच्या मेहेरबानीची नव्हती. मालगुजारी १९५१ साली संपली होती, पण जमीन बहुतेक जुन्याच हातांत राहिली. १९५६ च्याच डिसेंबरात वजनमापांचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत किलो आणि लिटर आले. धर्मांतराचे वर्ष आणि सारख्या मापाच्या कायद्याचे वर्ष एकच असावे हा योगायोग आहे. परंतु मला तो अर्थपूर्ण वाटतो. माणसाला माणूस म्हणून एकच माप लावा, ही मागणी दोन्हीकडे होती.

ही मागणी पुढे रस्त्यावर आली. १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून रिपब्लिकन पक्षाने दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखांनी लोक तुरुंगात गेले. १९६४ च्या मागण्यांत पडीक जमिनीबरोबर धान्याचे पुरेसे वाटप, भाववाढीवर नियंत्रण आणि किमान वेतनाची अंमलबजावणी याही मागण्या होत्या. पोषणाचा प्रश्न हा जमिनीचा, मजुरीचा आणि भावाचा प्रश्न आहे, हे ज्यांनी आहारशास्त्राचे पुस्तक पाहिलेही नव्हते अशा स्त्रीपुरुषांनी तुरुंगाच्या दारात सांगितले. आपल्या चळवळीच्या इतिहासात या सत्याग्रहाची नोंद जमिनीसाठी होते. ती अन्नासाठीही व्हायला हवी.

६

यानंतर ज्वारी आमच्या ताटातून कशी गेली ते पाहू. १९६४ साली सीएसएच-१ हे देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. उतारा वाढला. पण धाट बुटके, म्हणून कडबा कमी. पीक लवकर येणारे, म्हणून परतीच्या पावसात कणीस सापडे आणि दाण्याला बुरशी लागून तो काळा पडे. बी दरवर्षी विकत घ्यावे लागे. चांगला दाणा बाजारात आणि काळा दाणा मजुरीत, हा अनुभव माझ्या घरात अजून सांगितला जातो.

याच सुमारास रेशनवर ‘मिलो’ आली. १९६५-६७ च्या टंचाईत आणि पुन्हा १९७२-७३ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. महाराष्ट्रातल्या त्या पिढीला मिलो हा शब्द उच्चारला तरी पुरे. तिकडे ती मुख्यतः गुराढोरांना घालतात, ही बातमी इकडच्या रांगेत पोचली होती. ज्वारी मूळची आफ्रिकेची, आणि अमेरिकेत ती पोचली ती गुलामांच्या व्यापाराबरोबर. गुलामांच्या मागे गेलेला दाणा तिकडून आमच्या रेशनच्या पिशवीत आला. १९७२ सालीच मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली, तीही अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचे नाव घेऊन. त्या वर्षी अमेरिकेतून महाराष्ट्रात दोन गोष्टी आल्या. एक जगण्यासाठी गिळावी लागली, दुसरी ताठ उभे राहण्यासाठी स्वीकारली.

१९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या जवळपास माणसे होती. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ चा कायदा झाला. रोख मजुरी मिळू लागली, हा विजय होता. पण रेशनच्या दुकानात हळूहळू गहू आणि तांदूळच राहिले. १९८० नंतर विदर्भात सोयाबीन आले, ते खरीप ज्वारीच्या जागेवर बसले. पाखरे, डुकरे, काळा पडणारा दाणा, कापणीची मजुरी आणि न परवडणारा भाव या सर्वांनी ज्वारीला शेतातून काढले. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारीखाली सुमारे ६३ लाख हेक्टर क्षेत्र होते. आज त्याच्या एक तृतीयांशाइतकेही उरलेले नाही. बुटीबोरीला औद्योगिक वसाहत उभी राहिली. ज्यांचे आजे सालदार होते ते नातू कंत्राटी कामगार झाले. त्यांच्या डब्यात रेशनच्या गव्हाची पोळी आणि भात असतो.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि भरडधान्य एक रुपया किलो, असे दर लिहिले होते. कायद्याने ज्वारीला जागा दिली, दुकानाने मात्र क्वचितच. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. पाच किलो दरमाणशी. त्यावर कुटुंबे तगून आहेत आणि त्या धान्याची टिंगल करणाऱ्यांनी आधी ते सोडून दाखवावे. परंतु पोट भरणे आणि पोषण होणे यांतले अंतर कायम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ५४.२ टक्के झाले. ज्वारी खाल्ल्याने हा प्रश्न एकटा सुटेल असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे दोष पुन्हा बाईच्या चुलीवर ढकलणे होय.

७

या धान्यांना संस्कृतात ‘कदन्न’ म्हणत. कदन्न म्हणजे कुत्सित, हलके अन्न. शासनाच्या भाषेत ते ‘भरडधान्य’ झाले. २०१८ मध्ये त्याला अधिकृतपणे ‘पोषक धान्य’ म्हटले गेले आणि फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात ‘श्रीअन्न’. दाणा तोच. लोह तेच, मॅग्नेशियम तेच. दाण्याला नवे नाव मिळाले, वर्ण बदलला. ज्यांनी तो कदन्न म्हणून शतकानुशतके खाल्ला त्यांच्या नावापुढे मात्र ‘श्री’ लागले नाही. अन्नाची प्रतिष्ठा अन्नात नसते, ते खाणाऱ्याच्या सामाजिक स्थानात असते, हे याहून स्पष्ट कसे व्हावे? सालदार खातो तेव्हा ते कदन्न. बंगल्यातला मधुमेही खातो तेव्हा ते श्रीअन्न.

म्हणून आपल्यापुढे दोन मोह आहेत आणि दोन्ही टाळले पाहिजेत. एक मोह म्हणजे ज्वारीचा तिरस्कार. ती गुलामीची खूण, आता पोळीच हवी, असे म्हणणारी माणसे माझ्या घरातही आहेत आणि त्यांचे दुःख मला कळते. माझी माय पाहुण्यांपुढे कधी भाकर ठेवत नसे. दुसरा मोह म्हणजे गौरव. आमच्या पूर्वजांचा आहार किती पौष्टिक होता, असे म्हणून त्यांची उपासमार सजवायची. त्यांचा आहार पौष्टिक नव्हता. त्यांचा दाणा पौष्टिक होता, आणि तो त्यांना पुरेसा मिळाला नाही. या दोन वाक्यांतला फरक विसरला की इतिहास प्रस्थापितांच्या बाजूने झुकतो.

मग मागायचे काय? ज्वारी रेशनवर कायद्यात लिहिल्याप्रमाणे आणि स्वच्छ प्रतीची मिळाली पाहिजे. ज्याला हवी त्याला, सक्ती म्हणून नव्हे. वसतिगृहांच्या आणि आश्रमशाळांच्या भोजनात ती डाळ, पालेभाजी, तेल आणि अंडे यांच्या सोबतीने आली पाहिजे. कारण एकट्या दाण्याने काय होते ते पेलाग्राने शिकवले आहे. ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला हमीभाव आणि निंदणाऱ्या बाईला किमान वेतन, हे दोन्ही एकाच मागणीपत्रात असले पाहिजे. आणि ‘ग्लूटेनमुक्त’ पाकिटाच्या नफ्यातले किती त्या दोघांपर्यंत पोचते, हा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात विचारला गेला पाहिजे.

अभ्यासकांसाठीही काम आहे. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. विदर्भाची अशी नोंद गावागावांतून व्हायला हवी. त्या मुलीला मी आता हेच सांगितले आहे. तुझ्या आजीच्या वयाच्या बाया अजून आहेत. त्यांच्याजवळ बस. मजुरीत किती पायल्या मिळत, पायली कुणाची होती, मिलो कशी शिजे, कण्यांत काय घालीत, सरवा वेचताना कोण हुसकावी, घरात शेवटी कोण जेवे, हे विचार आणि जसेच्या तसे लिहून काढ. तिने चार बायांची माहिती वहीत उतरवून आणली आहे. त्यातल्या तिघींनी पहिले वाक्य एकच सांगितले. माप पुरे नव्हते.

आपल्या आहाराचा इतिहास याच वाक्यापासून लिहायला घ्यावा लागेल.